मंजूच्या तुकड्यानं थांबलेला हात

त्या दिवशी घरात चौघं व्हतो — मी, माजं मालक, धाकटी जाऊ शेवंता आन् तिची पोर मंजू. सांगतेय मी, लिवतेय सून. भूतखेत, अंगात येनं मी कदी मानलं न्हाय... आवसेला पन एकटी शेतावर जायची.

तवा गावात मोबाईल नुकतं आलेलं. आमचं घर शेलार गावात, कापड इनायच्या लूमच्या कारखान्याला चिकटून. फळीवरची भांडी दिवसभर थरथरायची. मालकांनी त्याच लूमवर जल्म काढला, मंग त्यांचं हातच थरथरायला लागलं. गोळ्यांनी फरक न्हाय. कप धरवत नसं. चाय मीच पाजायची, रोज.

माजी पोर सातवीतून शाळा सोडून कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला गेली. शेवंतेची मंजू मुंबईला मोठ्या शिक्षनाला. सुट्टीत आली की जाऊ तिला मुद्दाम माज्याच वट्यावर घेऊन बसायची.

दुपारी मंजूनं पर्समधून राखाडी, चकचकीत तुकडा काढला. बोलली, "काकू, कॉम्प्युटरच्या चिपमध्ये असलंच असतं. याच्या आतले कण सारखे थरथरतात. आम्ही त्यावर डोळ्याला न दिसणारा उजेड सोडतो, टेराहर्ट्झ. मग ती थरथर वाढवता येते, थांबवता पण येते."

"मंग लूमवर सोड की," मी बोलले. "भांडी तरी गप बसतील."

"जाऊबाय, तुमाला सगळं भांड्यातच दिसतं," शेवंता हसली.

मालकांनी हात फुडं केला. मंजूनं तुकडा त्यांच्या तळव्यावर ठेवला, वरून आपला हात दाबला. आन्... हात थांबला. दोन्ही हात. लूम चालू, भांडी वाजतायत, आन् मालकांनी दुसऱ्या हातानं कप उचलून चाय पिली. थेंब सांडला न्हाय.

"बघ गो," बोलले. माज्याकडं न्हाय, मंजूकडं बघून.

माज्या छातीत आग पडली. मी तुकडा घेतला, माज्या हातानं त्यांच्या तळव्यावर दाबून धरला. हात परत थरथरला, चाय लुंगीवर. मंजूनं धरला... परत थांबला.

"काकू, लॅबमधल्या उजेडाशिवाय हा नुसता दगड आहे," मंजू बोलली. तिचं तोंड उतरलेलं. "आणि माणसावर हे चालतच नाही."

फुटका व्हता म्हनून तुकडा आमच्याकडंच ठेवून गेली, मंग परदेशात. मी रोज धरून बघायची. कायबी न्हाय. मालक गेलं तवर चाय मीच पाजली.

तुकडा आजून डब्यात हाय. त्या दुपारचं मला आजून कळलं न्हाय. वाचनाऱ्यांत कुनी जानकार असंल, तर एवढं करा. दगडामुळं झालं असंल तर कळवा. पोरीच्या हातामुळं असंल... तर नका कळवू.