गोळी घेतली, बाब?

खिशातून पत्र्याची चपटी डबी काढायची, एक पांढरी गोळी तळहातावर ठेवायची, समोरच्याला ती नीट दिसली याची खात्री करायची आणि मगच तोंडात टाकायची. वर पाणी नाही. "गोळी चुकवायची नसते," म्हणत आमचे कंपाऊंडरबाब डबी परत खिशात घालत. त्यांना मधुमेह होता, आणि डिचोलीच्या बाजारात तो इतक्या दिमाखात दुसऱ्या कुणी बाळगला नसेल.

दवाखाना डॉक्टरांचा, दरारा यांचा. माझं शिंप्याचं दुकान समोरच, त्यामुळे नाटकाची पहिली रांग मला फुकट. पाळी गावच्या खाणीवरचे ड्रायव्हर लाल धुळीने माखून यायचे.

"काल गोळी घेतली?"

"विसरलो, बाब."

"जेवायला विसरलास?"

भला दांडगा ट्रकवाला मान खाली घालून उभा.

कोकणी-मराठीचा वाद पेटला तेव्हा घोषणा देऊन घसा बसलेले दोन्हीकडचे लोक त्यांच्याकडेच येत. ते दोघांना एकाच बाटलीतलं औषध देत आणि "त्याला दिलं त्याहून कडक आहे," असं दोघांच्याही कानात सांगत.

पुढे गोवा राज्य झालं, बाजारात पेढे वाटले. आठवड्याने त्यांनी मला विचारलं, "काय रे, राज्याचं कुठवर आलं?" मला वाटलं थट्टा. म्हटलं, "दिल्लीत कागद हरवलाय." ते गंभीरपणे मान हलवून गेले. चहाच्या दुकानात मी हा प्रवेश तीनदा करून दाखवला. तुम्हीही हसला असता.

त्यांची बायको हसली नसती. एक दिवस दुकानात येऊन वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊ, हल्ली ते विसरतात. डॉक्टरांना कळलं तर घरी बसवतील, आणि दवाखान्याशिवाय ते जगायचे नाहीत. तेवढी गोळी घेतली का, म्हणून विचाराल? कुणाला सांगू नका."

मी कुणाला सांगितलं नाही. रोज दहाच्या सुमारास हाक मारायचो, "गोळी घेतली, बाब?" ते क्षणभर थबकायचे, मग "घेतोय ना," म्हणत डबी काढायचे. मला पुण्य केल्यासारखं वाटायचं.

दुपारपर्यंत त्यांना घाम फुटायचा, हात कापायचे, बोलणं भरकटायचं. आजार वाढला, असं आम्ही ठरवलं. त्या कापऱ्या हातांचीही मी नक्कल बसवली. चांगली जमली होती.

एका दुपारी ते दवाखान्याच्या बाकावरून घसरले. आम्ही धावलो. डॉक्टर शिरेतून ग्लुकोज देत होते. "आज यांनी गोळी किती वाजता घेतली?"

"दहाला," मी म्हणालो.

"आठला," पाव घेऊन फिरणारा पोदेर म्हणाला. "माझ्यासमोर."

"अकराला," चहावाला म्हणाला.

भुसारी दुकानदाराने डोक्यावरची टोपी काढली.

वहिनींनी चौघांना वेगवेगळं गाठलं होतं, आणि चौघांनीही शब्द पाळला होता. जन्मभर दुसऱ्यांना झापणाऱ्या माणसाला 'आठवत नाही' म्हणवेना. कुणी विचारलं की तो एक गोळी गिळे. डबी रिकामी झाली, तर दवाखान्याची बरणी त्याच्याच ताब्यात.

"मेंदू साखरेवर चालतो, आणि साठा करून ठेवत नाही," डॉक्टर म्हणाले. "विसरण्याच्या आजारात त्याला ती आधीच नीट वापरता येत नाही, असं आता पुस्तकांत येऊ लागलंय. त्यात आपण रक्तातलीही काढून घेतली."

"मग त्यांचं विसरणं आजाराचं की गोळ्यांचं?" मी विचारलं.

"आता कसं सांगू?" ते म्हणाले. "मी रोज त्यांच्या शेजारी बसत होतो."

कंपाऊंडरबाब घरी आले, पण सगळे आले नाहीत. मी भेटायला गेलो तेव्हा घरापुढच्या सोप्यावर खुर्चीत बसले होते. मला ओळखलं नाही. माझं मनगट मात्र धरलं, नाडीवर अचूक बोटं ठेवली आणि मोजू लागले. सातापर्यंत जायचे, अडखळायचे, पुन्हा एक.

वहिनी दारात उभ्या होत्या. "बघा, तुमचा हात सोडत नाहीत. ओळखलं ना तुम्हाला?"

"ओळखलं, वहिनी," मी म्हणालो.

ते पाचावर आले होते.