कॅसिनोतून निघताना ‘येते’ म्हणावं का?

मैत्रिणींनो, आत्ताच नायगाराहून मिसिसागाला घरी पोचले. पाहुणे आले की त्यांना तिथे नेणं माझ्याकडेच असतं, त्यामुळे माझे नियम ठरलेले. धबधबा कठड्यावरून फुकट बघायचा, दशम्या घरून न्यायच्या, कॅसिनोत बँकेचं कार्ड न्यायचं नाही आणि मनगटावर घड्याळ हवंच. आत भिंतीवर कुठेच घड्याळ नसतं. का बरं नसेल?

आज नाशिकहून आलेल्या वन्संना नेलं. त्यांनी मशीनमध्ये वीस डॉलर घातले आणि साठ झाले! मग काय, उठेचनात.

“वहिनी, लक्ष्मी आली की पाठ फिरवू नये.”

“आली तर घरी न्यावी, वन्सं. इथेच बसवली तर ती त्यांचीच.”

हे पटलं. पण उठताना सवयीने मशीनला हात जोडून म्हणाल्या, “येते हं!”

मी दचकलेच. “अहो, इथे तरी ‘जाते’ म्हणा!”

“अशुभ गं ते,” म्हणत त्या इकडेतिकडे बघून हळूच ‘जाते’ म्हणाल्या.

घरी देवापुढे दिवा लावताना आठवलं, दर वेळी तिथून निघताना मीही ‘येते’च म्हणते. म्हणून तर पुन्हा पुन्हा जाणं होत नसेल ना? तुम्ही काय म्हणता निघताना?