तुळशीरामचा नंबर

तुळशीराम फोन उचलला की ‘हॅलो’ म्हणत नाही. “कोनासाठी हाय?” हा त्याचा पहिला प्रश्न. सुरगाण्याच्या डोंगरात त्याचा पाडा, तिथे रेंज नाही. हा जीपवाला, रोज खाली उतरतो, म्हणून अख्ख्या पाड्याने प्रत्येक फॉर्मवर याचाच मोबाइल नंबर दिलेला. संध्याकाळी गाडी लावली की हा दारोदार निरोप सांगत फिरतो. वैतागत नाहीस का, असं मी एकदा विचारलं. “दुसऱ्याचं बोलावनं माझ्यापाशी ठेवून काय करू?” म्हणाला.

मी नाशिकच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात कॉम्प्युटरवर बसतो. मोतीबिंदूच्या मोफत ऑपरेशनसाठी गावोगावच्या शिबिरांतली नावं एका टेक्स्ट फाइलमध्ये येतात. एकच माणूस दोन शिबिरांत नाव देतो, ती दुबार नावं काढणं माझं काम. एका फेरीच्या वेळी यादी अक्षरांप्रमाणे लावून सारख्या ओळी काढणारी कमांड चालवली, पण काही सापडेना, कारण एकीकडे ‘जनाबाई’ तर दुसरीकडे ‘जनीबाई’. मग मी मोठा शहाणा! कॉम्प्युटरला ‘ऑक’मध्ये एका ओळीचा हुकूम लिहिला: फोन नंबर पुन्हा दिसला की ती ओळ गाळायची. यादी झटक्यात आटोपशीर झाली. काय गाळलं गेलं ते नजरेखालून घालायला पाच मिनिटं लागली असती. मी चहाला गेलो.

ऑपरेशनच्या दिवशी तुळशीराम नऊ म्हाताऱ्यांना जीपमध्ये घालून पहाटेच निघाला होता. यादीत त्यांच्यातलं एकच नाव. काउंटरवरची मुलगी म्हणाली, एका नंबरवर एकच पेशंट दिसतोय. मला खाली बोलावलं. कागद पाहिला आणि माझी ती ओळ आठवली. पण खाटा सगळ्या वाटून झाल्या होत्या; बाकीच्या आठांना तसंच परत पाठवलं.

“समद्यांचा माझाच नंबर, म्हनून घोळ झाला व्हय?” तुळशीरामने मला विचारलं. “म्हंजे माझंच चुकलं.”

आणि मी, लाज वाटते सांगायला, मान डोलावली.

त्या आठांत जनाबाई होती, त्याची शेजारीण. तिचा एक डोळा आधीच गेलेला. पुढची फेरी पावसाळ्यानंतर आली, तोवर पिकलेल्या मोतीबिंदूने दुसऱ्या डोळ्यातला दाब वाढून नस सुकली होती. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. तुळशीराम तिला हाताला धरून बाहेर घेऊन आला, माझ्याकडे पाहून कसनुसा हसला. त्यानंतर पाड्यावर कोणी नंबर मागितला की तो म्हणायचा, “माझा नगा देऊ, अपशकुनी हाय.” हे त्याच्याच तोंडून ऐकलं आणि मग मला राहवेना.

दवाखान्याच्या फाटकापाशी त्याला सगळं सांगितलं: ती ओळ, तो चहा, ती डोलावलेली मान. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो जीपच्या दाराला टेकला.

“मला सांगून तुम्ही मोकळं झालात, सर,” तो म्हणाला. “पन डोळा माझा नाय गेला. तिला सांगा. ती घरीच असती, कुठं जाती आता?”

येत्या रविवारी येतो, म्हणालो. त्यानंतर कितीतरी रविवार गेले, दर वेळी मला काही ना काही काम निघतं.

परवा पाड्यावरची एक बाई तपासणीला आली होती. तिने सहज सांगितलं, तुळशीरामने जनाबाईला सांगून ठेवलंय, नाशिकचे सर तुझ्याशी बोलायला येणार आहेत. रविवारी जीपचा आवाज आला की ती लुगडं नीट करून दारात येऊन बसते.