मामांचं हवाई दल

सांगलीवर उद्या हवाई हल्ला झालाच, तर आमच्या हिचे धाकटे मामा एकटे सगळ्या शहराचं रक्षण करतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यांच्या काचेच्या कपाटात एकोणीस लढाऊ विमानं कायम सज्ज असतात. त्यातलं सगळ्यात मोठं वीतभर लांब आहे, हा भाग वेगळा. खोक्यातून प्लॅस्टिकचे सुटे भाग मागवायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे, हा त्यांचा म्हातारपणीचा पूर्ण वेळेचा उद्योग. काम चालू असताना घरात पंखा लावायचा नाही, कारण ओल्या रंगावर धूळ बसते. सांगलीतला मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना मामींच्या सोशिकपणाची कल्पना येईल. शिंकायलाही बंदी आहे. एकदा जेवायला गेलो असताना मी शिंकलो आणि मसुराएवढं एक चाक टेबलावरून नाहीसं झालं. जावयाला बोलणार कसं? पण तीन दिवस त्या घरात केर काढला गेला नाही, आणि चौथ्या दिवशी सगळा केर मामींच्या पिठाच्या चाळणीतून चाळला गेला. संध्याकाळी मला फोन आला, "पावणं, चाक घावलं. आता खुशाल शिंका."

या वेडाला जुनं कारण आहे. थोरले मामा हवाई दलात विमानं दुरुस्त करायला होते. सुट्टीवर आले असताना ते धाकट्याला स्वतः भरतीला घेऊन गेले आणि धाकटे तिथून नापास होऊन परतले. "छाती अर्धा इंच कमी भरली," असं घरी सांगितलं गेलं. गेली पन्नास वर्षं मामा तेच सांगतात, आणि सांगताना छाती फुगवून दाखवतात. खरी गोष्ट मामींनी एकदा माझ्या कानात सांगितली. मामांना हिरवा आणि तपकिरी रंग वेगळे ओळखूच येत नाहीत. तपासणीच्या वेळी रंगीत ठिपक्यांतला एकही आकडा त्यांना दिसला नव्हता. मग माझ्या लक्षात आलं, की हळदीच्या पेठेत मामा आयुष्यभर हळकुंड कानाशी धरून का मोडायचे आणि हुंगून मगच माल बरा की वाईट ते का सांगायचे. "रंगावर जाऊ नगा, रंग लय फसवतो," असं ते म्हणत, आणि व्यापारी माना डोलवत की काय हा जाणकार माणूस!

अशा माणसाने विमानं रंगवायची म्हणजे शेजारी मामी हव्यातच. रंगाच्या प्रत्येक बाटलीच्या झाकणावर त्यांनी चिकटपट्टी लावून आपल्या अक्षरात नाव लिहिलंय: 'उसाचा पाला', 'गूळ', 'आभाळ', 'करपलेली भाकरी'. मामा झाकण वाचतात आणि बिनधास्त ब्रश बुडवतात.

यंदा थोरल्यांना ऐंशी पूर्ण झाली. साताऱ्यात त्यांच्या घरी जेवण ठरलं. थोरले ज्या विमानाची देखभाल करत, नेमकं तेच करून त्यांना द्यायचं, असं मामांनी ठरवलं आणि चार महिने ते त्याच्यावर खपले. रंगाची वेळ आली, तेव्हा मामी लेकीच्या बाळंतपणासाठी कोयनानगरला गेलेल्या. "झाकनं हायती की! तू जा निवांत," मामांनी त्यांना सांगितलं होतं. झाकणं होतीच. पण मामांनी दोन्ही बाटल्या एकदम उघडल्या, झाकणं पुसून घेतली आणि ती अदलाबदल होऊन बसली. उसाच्या जागी गूळ गेला आणि गुळाच्या जागी ऊस.

हे आम्हाला कळलं ते साताऱ्यात, मामांनी भरल्या घरात खोकं उघडलं तेव्हा. परस्पर कोयनेहून आलेल्या मामींचा चेहरा पांढरा पडला. समोरच्याच भिंतीवर थोरल्यांचा रंगीत फोटो होता: तरुण थोरले, त्याच विमानाच्या नाकावर हात ठेवून उभे. हा फोटो म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आल्यागेल्याला आधी फोटो, मग पाणी. कुणी एकदा तिकडे आणि एकदा इकडे पाहिलं असतं, तर पन्नास वर्षांचा अर्धा इंच तिथेच संपला असता.

"दादा, नीट बघा. एक रेघ चुकली आसंल तर सांगा," मामा छाती काढून म्हणाले.

थोरल्यांनी चष्मा लावला. विमान पाहिलं, फोटो पाहिला, मग बराच वेळ भावाकडे पाहिलं. "आस्संच हुतं रं," ते म्हणाले. "ह्येच्या पोटाखाली माझी जवानी गेली, मला ठावं न्हाई व्हय?"

"पण त्या फोटोत तर..." शेजारचे एक गृहस्थ म्हणू लागले.

"तुमी पयलं जेवाय बसा. पुऱ्या गार व्हत्यात," थोरले गरजले.

जेवणं झाल्यावर मामी हळूच त्यांच्याकडे गेल्या. "भावजी, दोन दिसांत परत रंगवून आनते."

"हात लावायचा न्हाई त्येला," थोरले म्हणाले.

गेल्या महिन्यात मामा-मामींबरोबर मी पुन्हा साताऱ्याला गेलो. या खेपेला आधी पाणी आलं. फडताळावर विमान दिमाखात उभं होतं आणि त्याच्या वरच्या भिंतीवर नुसता एक खिळा आणि चौकोनी फिकट डाग होता.

"दादा, फोटू कुटं गेला?" मामांनी विचारलं.

"वाळवी लागली गड्या," थोरले चहा बशीत ओतत म्हणाले. "आन् आता इमान हाय की समोर. फोटू कशाला?"

आतल्या खोलीत मी सदरा अडकवायला गेलो, तर कपाटामागे जुन्या कांबळ्यात तो फोटो नीट गुंडाळून ठेवलेला दिसला. चौकटीला वाळवी सोडा, साधा ओरखडाही नव्हता. मी तो होता तसा झाकून ठेवला आणि बाहेर आलो. आलेल्या एका पाहुण्याला मामा विमानाची माहिती देत होते, आणि थोरले पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत होते. त्या दिवशी कुणी मामांची छाती मोजली असती, तर अर्धा इंच जास्तच भरली असती.