भावाला पाण्यात पाहिलं

गल्लीत त्याला ब्राँझ म्हणत. लाँड्रीच्या पाटीवर वेगळंच नाव होतं, पण ते कोण वाचतो? "कपडे ब्राँझकडे टाकलेत" एवढं म्हटलं की सगळ्यांना कळायचं. बऱ्याच वर्षांपूर्वी, अंगात रग होती तेव्हा, पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय जुडो स्पर्धेत त्याने ब्राँझ पदक मिळवलं होतं, आणि तेव्हापासून तो ते पदक जेवताना, झोपताना आणि इस्त्री करताना गळ्यात नसलं तरी डोक्यात घालून वावरत असे. जुडोत ब्राँझ एकाला नाही, दोघांना मिळतं, ही गोष्ट मात्र त्याने गल्लीला कधी कळू दिली नाही. काउंटरमागे टांगलेल्या फोटोत मुळात चौघे पदकवाले होते. चौथ्याला त्याने फ्रेममध्ये घालताना दुमडून मागे ढकललं होतं. त्या बिचाऱ्याचा हात तेवढा ब्राँझच्या खांद्यावर राहून गेला होता. हा हात कुणाचा, असं एखाद्या गिऱ्हाइकाने विचारलंच, तर ब्राँझ म्हणे, आयोजकांपैकी कुणीतरी असेल, गर्दी होती फार.

त्याचा एक लाडका सिद्धांत होता आणि तो ऐकल्याशिवाय कुणाला कपडे परत मिळत नसत. चांदीवाला शेवटची लढत हरून उतरतो, ब्राँझवाला शेवटची लढत जिंकून उतरतो. मग मोठा कोण, तुम्हीच सांगा. लोक घाईत असत, ते म्हणत तुम्हीच.

धाकटा भाऊ त्याच्यापेक्षा हातभर उंच निघाला. वडील लवकर गेले, म्हणून त्याला शाळेच्या हॉलमध्ये गाद्या अंथरून जुडो शिकवला तो ब्राँझनेच. पडायचं कसं, पकड कुठे धरायची, समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे हे बघायचं कसं, सगळं त्यानेच शिकवलं. भाऊ चांगला खेळतोय म्हटल्यावर त्याला आनंद झाला. फारच चांगला खेळतोय म्हटल्यावर तो आनंद जरा आटला. मग जुडो संघटनेने एक नवे कोच आणले, शिट्टी आणि लॅपटॉपवाले, आणि ब्राँझला कुणी न सांगताच घरी बसवलं. धाकट्याने येऊन पाय धरले, म्हणाला, दादा, तुझ्याशिवाय मी कोण होतो. ब्राँझ म्हणाला, अरे वेड्या, मोठा हो. हे तोंडाने म्हणाला, एवढंच.

यंदा तीच आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्यांच्याच शहरात भरणार होती. संघटनेने धाकट्याला दोन नवी जॅकेटं दिली, एक निळं आणि एक पांढरं. जुडोत ज्याचं नाव आधी पुकारतात तो पांढरं घालतो, दुसरा निळं. नवं कापड जाड विणीचं आणि ताठ असतं, पकड धरताना मान सोलवटते, म्हणून एकदा धुवून मऊ करावं लागतं. निळं ब्राँझने आधीच्या आठवड्यात थंड पाण्यात नीट धुवून दिलं होतं. पांढरं मागाहून आलं. ते घेऊन धाकटा आला त्याच सकाळी पेपरात त्याचा अर्धं पान भरून फोटो होता. शेजारी कोच, दोघांचे दात पांढरे शुभ्र. खाली छापलं होतं, मी आज जो आहे तो माझ्या कोचमुळे. ब्राँझने तो पेपर शर्टांच्या घडीत घालायला फाडून ठेवला होता, पण वाचून.

धाकट्याने जॅकेट काउंटरवर ठेवलं आणि घाईत म्हणाला, "थंड पाणी हं, दादा."

एवढंच म्हणाला. पण कोट टाकायला येणारा कुठलाही साहेब बोलतो तसं म्हणाला, असं ब्राँझला वाटलं. गरम पाण्यात सुती जॅकेट आटतं, बाही मनगटाच्या वर चढते, आणि लढतीआधी माप घेताना तीच आधी बघतात, हे त्याला कुणी शिकवलं होतं? कोचने?

मागच्या खोलीत कपडे धुण्याच्या मशीनचे दोन ड्रम होते. लहान ड्रम थंड पाण्याचा. मोठ्यात दवाखान्याच्या चादरी धुतल्या जात, त्याचं बटण कायम उकळत्या पाण्यावर. लहान ड्रममध्ये कुणाचे तरी पडदे फिरत होते. थांबता आलं असतं. ब्राँझने जॅकेट मोठ्या ड्रममध्ये टाकलं. बटण फिरवायला हात नेला आणि तसाच खाली घेतला.

बायको पुढे कपड्यांना चिठ्ठ्या लावत होती. तिथूनच तिने विचारलं, "अहो, बटण फिरवलंत ना? भाऊजींचं आहे."

"फिरवलं," तो म्हणाला.

काचेतून पांढऱ्या बाह्या वर आल्या, खाली गेल्या. आपल्या भाषेत मत्सर करण्याला पाण्यात पाहणं म्हणतात. ब्राँझ स्टूल ओढून बसला आणि त्याने भावाला अगदी शब्दशः पाण्यात पाहिलं, शेवटचं पाणी निघून जाईपर्यंत. भावाला सोनं मिळू नये एवढंच त्याला हवं होतं. ब्राँझ मिळालं तर चालेल. घरात दोन ब्राँझ शोभून दिसतील.

धाकट्याने घडी न मोडताच जॅकेट पिशवीत टाकलं, दादाने धुतलं होतं ना. स्पर्धेच्या दिवशी आई, बायको आणि तो पुढच्या रांगेत बसले. धाकट्याचं नाव पुकारलं आणि तो निळ्या जॅकेटमध्ये आला. ब्राँझने श्वास सोडला. सुटलो म्हणून की निसटला म्हणून, हे त्याचं त्यालाही ठरवता येईना. सोडतीत धाकटा असा बसला होता की प्रत्येक वेळी त्याचं नाव दुसरं येत होतं. दुसऱ्या लढतीलाही निळंच, तिसऱ्यालाही निळंच. आई प्रत्येक वेळी डोळे मिटून बसे आणि ब्राँझला म्हणे, झालं की सांग. उपांत्यपूर्व फेरीत तो हरावा, अशी ब्राँझने मनोमन विनवणी केली. तिथे हरणाऱ्याला ब्राँझपर्यंतच जाता येतं. धाकटा जिंकला. उपांत्य लढतीत त्याने समोरच्याला असा उचलून पाठीवर आपटला की सगळा हॉल उभा राहिला. तो डाव ब्राँझचा होता, शाळेच्या हॉलमधला. आईला डोळे उघडायला त्याने जरा उशिराच सांगितलं. चांदी तर पक्की झाली. आता भाऊ त्याच्या वर गेला होता, खाली यायची सोय उरली नव्हती.

अंतिम लढतीला धाकट्याचं नाव आधी पुकारलं.

पांढरं जॅकेट घालून तो माप घेणाऱ्यापुढे उभा राहिला आणि त्याने हात समोर सरळ केले. बाही मनगटाच्या बऱ्याच वर थांबली होती. माप घेणाऱ्याने मान हलवली. नियम साधा होता: जॅकेट मापात नसेल तर आयोजकांकडचं दुसरं घालायचं, आणि शिक्षा कोचला, त्याने खुर्ची सोडून बाहेर जायचं. कोच हातवारे करत गेले. पेपरातल्या फोटोतलं हसू आता कुठे गेलं, असं ब्राँझच्या मनात आलं आणि त्याला गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला सांगा, झाल्या.

दुसरं जॅकेट ढगळ होतं. प्रतिस्पर्ध्याला मूठभर जास्त कापड मिळालं आणि त्याने ते सोडलं नाही. धाकट्याने पकड तोडायला तीनदा हिसका दिला. मग मध्ये पंचांनी थोडं थांबवलं, तेव्हा त्याने सवयीने कोचच्या खुर्चीकडे पाहिलं. ती रिकामी होती. तिथून त्याची नजर फिरत फिरत पुढच्या रांगेत आली आणि दादावर थांबली. लहानपणी पाहायचा तशी. आता काय करू?

ब्राँझला दिसत होतं काय करायचं ते. समोरच्याचं सगळं वजन उजव्या पायावर होतं. एक शब्द पुरला असता. त्याने तोंड उघडलं, आणि खोकला आल्यासारखं करून मिटलं. बायकोने वळून त्याच्याकडे पाहिलं. लढत सुरू झाली, आणि थोड्या वेळात धाकटा पाठीवर होता.

मंचावर तो चांदीच्या पायरीवर उभा राहिला. चांदीवाला रडत उतरतो म्हणून ब्राँझ पाहत बसला. धाकटा रडला नाही. फोटोच्या वेळी त्याने ब्राँझवाल्या दोघांनाही हाताला धरून वर ओढून घेतलं, आणि चौघे एका पायरीवर दाटीवाटीने हसत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत उभं राहायला जागा नव्हती. सगळ्यांना पदक हातात घेऊन बघायचं होतं, आणि सगळ्यांना एकच विचारायचं होतं, जॅकेट आखूड झालंच कसं? कोचनी तर पेपरात सांगून टाकलं होतं की धुलाईत कुणाचा तरी हलगर्जीपणा. गिऱ्हाइकांच्या नजरा एकेक करून ब्राँझकडे वळू लागल्या. तो इस्त्री फिरवत राहिला, एकाच शर्टावर, एकाच ठिकाणी.

"मीच धुतलं ते," धाकटा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "घाईत होतो. पाणी गरम लागलं. दादाकडे दिलं असतं तर असं झालं नसतं."

लोक हळहळले. कुणी म्हणालं, भावाकडेच द्यायचं होतंस रे. ब्राँझच्या बायकोने हातातल्या चिठ्ठ्या खाली ठेवल्या आणि आत निघून गेली. ब्राँझने इस्त्री उभी केली. शर्टाला करपल्याचा वास येत होता.

गर्दी पांगल्यावर धाकट्याने पिशवीतून ते पांढरं जॅकेट काढलं आणि काउंटरवर ठेवलं. ब्राँझ काहीतरी बोलायला गेला. धाकट्याने मान हलवली, नको म्हणून. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

"ठेव तुला," तो म्हणाला. "तुझ्या मापाचं झालंय आता."

तो गेल्यावर ब्राँझने शटर अर्धं ओढलं. मग त्याने ते अंगात घातलं आणि हात समोर सरळ केले. बाह्या नेमक्या मनगटापर्यंत आल्या.