लाल गाडीवरचा चिकटा

माझ्या हातात कला आहे आणि जिभेवर विंचू, असं माझी बायको म्हणते. विंचवाबद्दल माझी तक्रार नाही.

कळंबच्या आमच्या घरात, बैठकीतल्या काचेच्या कपाटात एक एसटी उभी असते. हातभर लांब, सनबोर्डच्या हलक्या शीटची, आतल्या सीटांसकट. माझे वडील, म्हणजे अण्णा, ज्या गाडीवर ड्रायव्हर होते ती हुबेहूब मी केली. मी शाळेत चित्रकला शिकवतो; घरी आल्यावर रोज तिच्यापुढं बसायचो. सात महिने खपलो. अण्णांसाठी केली, असं सगळ्यांना सांगायचो. खरं तर आल्यागेल्यानं वाहवा करावी म्हणून केली होती.

गेल्या खंडेनवमीला मी सासुरवाडीला होतो. घरी रिवाजाप्रमाणं विळा, खुरपं, शिलाई मशीन, मोटारसायकल, सगळ्यांची पूजा झाली. अण्णांनी कपाटातल्या गाडीलाही हळदकुंकू वाहिलं, नजर लागू नये म्हणून झेंडूचा हार घातला आणि तो घसरू नये म्हणून दोन्ही अंगांना चिकटपट्टी मारली. पुढं तो हार कुणी काढलाच नाही. खिडकीतून येणाऱ्या उन्हात पट्टीचा गोंद पाघळला. दिवाळीच्या तोंडावर मी पट्टी ओढली, तर लाल रंगावर काळपट चिकटा तसाच, वर धूळ बसलेली. माझं टाळकंच सरकलं.

नेमका त्याच आठवड्यात सोनारीहून निरोप आला. अण्णांसोबत त्या गाडीवर वर्षानुवर्षं कंडक्टर असलेले काका अंथरुणाला खिळले होते. त्यांनी फोनवर सांगितलं, "तुझ्या लेकानं आपली गाडी केलीय म्हणं. एकदा दाव की मला." अण्णांनी लगेच रविवार धरला. गाडी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसायचं, हेसुद्धा त्यांनी ठरवून टाकलं.

"असली घाण झालेली गाडी घराबाहेर जाणार नाही," मी म्हणालो.

"मग पुसून घेऊ की. कशानं निघतंय रं ते?"

कशानं निघतं ते मला पक्कं ठाऊक होतं. खोबरेल तेलाचे दोन थेंब लावायचे, दहा मिनिटं थांबायचं आणि अंगठ्यानं हलकं चोळायचं. गोंदाच्या वळ्या होऊन सुटतात. मग साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसानं तेल टिपायचं. सहावीतलं पोरही करील.

"जन्मभर गाड्या हाणल्या तुम्ही, मला काय विचारता?" मी म्हणालो. "पट्टी लावली तुम्ही, काढा तुम्ही."

शनिवारी सकाळची शाळा करून आलो तर अण्णा ओसरीवर गाडी घेऊन बसलेले. शेजारी वाटी, वाटीत माझ्या मोटारसायकलीतलं पेट्रोल. डेपोत पत्र्याला चिकटलेली पोस्टरं ते अशीच काढायचे. मी दारात थांबलो. "अण्णा, थांबा," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हटलं नाही. लहानपणी माझ्या चित्रांकडं बघून ते म्हणायचे, यानं पोट भरतंय का? ते मी विसरलो नव्हतो. चुकू देत यांना, असं मनात आलं आणि मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण बरं वाटलं.

फडकं लाल झालं. त्यांना वाटलं गोंदच निघतोय, म्हणून त्यांनी आणखी जोर लावला. खालचा पांढरा सनबोर्ड दिसला तेव्हा कुठं हात थांबला.

"रंगच आला की रं."

"वा!" मी म्हणालो. "नजर लागू नये म्हणून हार घातलात, अन् हात लागला तुमचाच."

त्यांनी फडकं वाटीशेजारी ठेवलं. म्हणाले, "उद्यापातुर हुईल का नीट?"

"महिना लागेल."

एका दुपारचं काम होतं. रंगाचा डबा कपाटात निम्मा भरलेला होता. बायको आतून म्हणाली, "अहो, द्या की करून." मी तिला म्हणालो, तू तुझ्या भाकरी बघ.

रविवारी अण्णा रिकाम्या हातानं सोनारीला गेले. ते स्टँडवर पोचलेही नसतील, तोवर मी गाडी घेऊन बसलो होतो. घासली, रंगवली, सुकवली. संध्याकाळी ते परतले तेव्हा ती नव्यासारखी कपाटात उभी होती. दारातून पहिली दिसावी अशी मीच ठेवली होती. तेव्हाही मला शाबासकीच हवी होती.

अण्णा कपाटाजवळ गेले. "झाली व्हय?"

"झाली. काकांना काय सांगितलं?"

त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. "पोरानं दिली न्हाय असं कसं सांगू? म्हणलं, घरातून काढताना माझ्याच हातनं पडली. चुरा झाला."

"मग?"

"हासला. म्हणला, येवढ्या वर्सांत कधी ओरखडा येऊ दिला न्हाईस, अन् आता घरात आपटलीस व्हय?"

माझी जीभ त्या वेळी कुठं गेली होती कोण जाणे. एवढंच म्हणालो, "पुढच्या रविवारी मी नेतो तुम्हाला. गाडी घेऊन जाऊ."

"आता कशी न्यायची?" अण्णा म्हणाले. "चुरा झालीय ना ती."