उरलेली कॅप्सूल

वर्ध्याच्या दवाखान्यात ड्रेसिंगच्या रांगेत तो माझ्या शेजारी बसला होता. सेलूकडचा, वांगी पिकवणारा. त्याच्या पायाची जखम दोन महिने भरत नव्हती, तरी काळजी माझ्या कापलेल्या बोटाची. सदऱ्याच्या खिशातून एक कॅप्सूल काढून त्याने माझ्या हातावर ठेवली.

"फोडून पावडर टाका, ताई. आमच्या घरी सारेच टाकते. बरं वाटलं का उरलेल्या मी जपून ठेवतो."

मी ती पर्समध्ये ठेवली.

मग त्याला आत बोलावलं. दार उघडंच होतं. जखमेतले जंतू अर्धवट घेतलेल्या औषधांनी निर्ढावलेत, आता नेहमीचं औषध त्यांना मारत नाही, पाय वाचेलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

तो पायाकडे बघत म्हणाला,

"वांग्यावरच्या अळीचं असंच रायते, सायेब. फवारा कमी पडला का जे वाचते, थे मंग कशानंच मरत नाई. वावरातलं मले समजे. पायाचं नाई समजलं."

बाहेर आल्यावर तो लंगडत माझ्यापाशी थांबला. दिलेली वस्तू परत मागणाऱ्यातला तो नव्हता. मान खाली घालूनच त्याने हात पुढे केला.

"थे कॅप्सूल वापस द्या, ताई."